ट्रॅक्टरच्या छोट्या इंजिनातली ऑइल गळती: इंजिन खोलण्याआधी जागा कशी पक्की करायची?

तिफण
नमस्कार मंडळी. इंजिन ३ सिलिंडरचं, डिझेल, पाण्यावर थंड होणारं, २४ एचपीच्या आसपासचं. क्लच हाउसिंगच्या तळाला जे छोटं भोक असतं तिथून काळं ऑइल ठिबकतंय. इंजिन चालू असताना दर १० सेकंदांना एक थेंब पडतो, बंद केल्यावर पाचेक मिनिटांत थांबतो. इंजिनाची डावी बाजू टॅपेट कव्हरपासून (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) खालपर्यंत ओली आहे आणि तिच्यावर धुळीचा जाड थर बसलाय. ऑइल १५डब्ल्यू-४०. क्लच अजून घसरत नाही. मागचं मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाशी ऑइल अडवणारी रिंग) गेलंय, ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागेल, असा सल्ला मिळाला आहे. त्याआधी काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने?

गोटीपाना
तिफण, आत्ता काहीही खोलू नका. थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, तिथे फक्त वाट संपते. ऑइल उताराने खाली येतं आणि पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे पुढच्या किंवा वरच्या पॅकिंगमधून निघालेलं ऑइलही शेवटी क्लच हाउसिंगच्या तळालाच गोळा होतं. इतका जाड थर असताना डोळ्याने नुसतं बघून कोणी सील गेल्याचं सांगत असेल तर तो अंदाज आहे.

पहिलं काम धुणं. इंजिन थंड असू द्या. अल्टरनेटर, स्टार्टर, हवेच्या फिल्टरचं तोंड आणि इंजेक्शन पंप प्लास्टिकने झाका. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने थर खरवडा, ब्रशने ग्रीस काढणारं द्रावण लावा, १०-१५ मिनिटं मुरू द्या आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवा. गरम पंपावर थंड पाणी मारू नका, आतले बारीक अंतराचे भाग अडकू शकतात. नंतर हवा मारून पूर्ण कोरडं करा. बोल्टांच्या खाचा, टॅपेट कव्हरची मागची कड आणि इंजिन-क्लच हाउसिंगचा सांधा मुद्दाम कोरडा करा, साचलेलं ऑइल तिथेच लपतं.

मग सगळ्या संशयित सांध्यांवर टाल्कम पावडरचा पातळ थर फुंका. इंजिन आयडलवर ५ मिनिटं चालवा, बंद करा, टॉर्चने बघा. पुन्हा १० मिनिटं मध्यम वेगावर चालवा आणि पुन्हा बघा. पावडरीवर पहिला काळा डाग जिथे उमटेल तो सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधायचा. तासभर चालवून मग बघायला गेलात तर सगळंच ओलं झालेलं असेल आणि धुतलेलं वाया जाईल.

बारा_तेरा
यात भर. गळती कधी होते यावरून निम्मी जागा कळते.

इंजिन बंद असताना रात्रभर ठिबकत असेल तर जागा ऑइलच्या पातळीच्या खाली आहे: ड्रेन नट, चेंबरचं (तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग, चेंबरची चीर. फक्त चालू असतानाच येत असेल तर एकतर दाबाखालचा भाग (प्रेशर स्विच, फिल्टर, टॅपेटकडे जाणारी नळी) किंवा ऑइल उडतं तो भाग (टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, क्रँकची दोन्ही सीलं). चालू केल्यावर लगेच धार लागते तेव्हा दाबाखालचाच भाग असतो. आणि तीच सगळ्यात घातक गळती, कारण गरम इंजिनात तिथे साधारण २ ते ४ बार दाब असतो आणि चेंबर थोड्या वेळात रिकामं होऊ शकतं. अशा वेळी ट्रॅक्टर कामावर न्यायचाच नाही.

थेंबांचा हिशोबही करून ठेवा. एक थेंब साधारण ०.०४ मिली धरला तर दर १० सेकंदांना एक म्हणजे तासाला जवळपास १५ मिली. ८ तासांत १२० मिली, म्हणजे १ लिटर जायला साठ-सत्तर तास. काडीवरचं (पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल याहून बरंच जास्त उतरत असेल तर उरलेलं जळतंय किंवा दुसरीकडून जातंय.

रानवाट
क्लच हाउसिंगच्या भोकातून येणारं ऑइल इंजिनाचंच आहे हे आधी पक्कं करा ना. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सीलही तिथेच गळतं. पांढरा कागद भोकाखाली धरून दोन-तीन थेंब घ्या. शेजारी काडीवरचा एक थेंब आणि गिअरबॉक्सच्या काडीवरचा एक थेंब टाका. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीने काळं असतं. गिअरबॉक्सचं ऑइल सोनेरी किंवा तपकिरी. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, पण ज्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, हायड्रोलिक आणि तेलात बुडालेल्या ब्रेकला एकच ऑइल असतं तिथे तो वास नसतो, म्हणून फक्त वासावर जाऊ नका. क्लचची पावडर मिसळली की कोणतंही ऑइल काळपट दिसतं, हेही लक्षात ठेवा.

तिफण
कागदावर तपासलं. इंजिनाचंच आहे, गिअरबॉक्सच्या थेंबाशी फरक स्पष्ट दिसतो. धुण्याचं काम उद्या.

क्रँकवेब
धुण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या: क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोकळीतला) दाब. पॅकिंग आणि सीलं आतल्या दाबासाठी बनवलेलीच नसतात. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली येतोच आणि तो ब्रीदरमधून बाहेर पडावा लागतो. ब्रीदर तुंबला की हा वायू सापडेल त्या सांध्यातून ऑइल घेऊन बाहेर पडतो. अशा इंजिनात एक पॅकिंग बदललं की दुसरं गळू लागतं, दुसरं बदललं की तिसरं. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओल दिसत असेल तर पॅकिंगला दोष देण्याआधी ब्रीदर उघडायचा.

साधी चाचणी: गरम इंजिन आयडलवर, ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल, किंवा तोंडातून धुराचा सतत झोत येत असेल तर दाब जास्त आहे. झाकणाजवळ हात आणि चेहरा सांभाळा, काही इंजिनांत तिथून गरम ऑइल उडतं.

नेमकं मोजायचं असेल तर दीड-दोन मीटर पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी उभी लटकवा, निम्मी पाण्याने भरा, एक टोक काडीच्या नळीत घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा. ब्रीदर नेहमीसारखा जोडलेलाच राहू द्या. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक आयडलवर आणि पूर्ण वेगावर मोजा. निरोगी छोट्या इंजिनात तो थोडाच असतो, २-४ सेंटिमीटरच्या आसपास. नक्की मर्यादा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तकातली धरा. फरक खूप असेल तर ब्रीदरची नळी काढून पुन्हा मोजा. नळी काढताच पाणी खाली बसलं तर दोष ब्रीदरचा. तरीही तसंच राहिलं तर आधी टॅपेट कव्हरमधली ब्रीदरची जाळी साफ करून पुन्हा मोजा, आणि मगच रिंगा, लायनर, क्वचित पिस्टन यांच्याकडे वळा. यू खोल ठेवा म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाण्याची भीती राहत नाही.

ब्रीदर कसा तुंबतो: टॅपेट कव्हरमधली तारेची जाळी काजळी आणि चिकट ऑइलने भरते, रबरी नळी आतून फुगते किंवा वाकून चिमटते. आणि उघड्या टोकाच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, बराच काळ उभ्या ठेवलेल्या ट्रॅक्टरमध्ये हे हमखास बघा. जाळी डिझेलमध्ये भिजवून धुवा, हवा मारा. नळी मात्र बदला.

पाभर
क्रँकवेब यांच्याशी सहमत. अजून एक कारण राहिलं, ऑइलची पातळी वाढणं. काडीवर वरच्या खुणेच्या वर ऑइल दिसत असेल आणि कोणी भरलेलं नसेल तर दोन शक्यता. एक, डिझेल उतरतंय: फीड पंपाचा पडदा फाटलेला, इंजेक्शन पंपाचं आतलं सील गेलेलं, किंवा इंजेक्टरची परतीची नळी टॅपेट कव्हरच्या आत गळतेय. दोन, ज्या इंजिनात हायड्रोलिक पंप टायमिंग केसवर बसतो तिथे त्या पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की हायड्रोलिकचं ऑइल इंजिनात येतं.

डिझेल मिसळल्याची खूण: काडीला डिझेलचा वास, बोटांत ऑइल पाण्यासारखं पातळ. टिपकागदावर थेंब टाकून काही तास ठेवला तर मधल्या काळ्या डागाभोवती फिकट, पारदर्शक कडं दूरपर्यंत पसरतं. असं पातळ ऑइल चांगल्या सीलमधूनही झिरपतं आणि बेअरिंगही खातं. जास्तच वाढलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम पळू शकतं, मग चावी बंद करूनही थांबत नाही. पातळी वाढलेली दिसली की इंजिन चालूच करू नका. आधी कारण शोधा, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

तिफण
धुतलं, पावडर मारली. निकाल:
- ब्रीदरची नळी काढली तर आत चिकट काळा गोळा, हवा जवळजवळ जात नव्हती. यू नळीत आयडलवर ११ सेंटिमीटर फरक, नळी काढल्यावर ३.
- पावडरीवर पहिला डाग ५ मिनिटांत टॅपेट कव्हरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात.
- दुसरी ओल ऑइल प्रेशर स्विचच्या आसपास, अगदी थोडी.
- ऑइलची पातळी वाढलेली नाही.

आता मेन सीलचं काय? वरचं ऑइल हाउसिंगच्या आत शिरू शकतं का?

गोटीपाना
शिरू शकतं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळ ब्लॉकच्या मागच्या तोंडावरून उतरतो, इंजिन आणि हाउसिंगच्या सांध्यात जातो किंवा स्टार्टरच्या तोंडाशी आत झिरपतो. बाहेरून ते मेन सीलसारखंच दिसतं.

खात्री अशी करा. बॅटरीची उणे तार काढा, स्टार्टर सोडवा. त्या तोंडातून मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा किंवा छोटा आरसा आणि टॉर्च घालून फ्लायव्हीलच्या दोन्ही बाजू बघा.

फ्लायव्हीलची इंजिनाकडची बाजू ओली, मध्यापासून कडेकडे फेकल्यासारखे ओघळ आणि हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर गोल पट्टा दिसला तर मेन सील किंवा त्याच्या शेजारचा एखादा प्लग. फिरत्या फ्लायव्हीलवर आलेलं ऑइल कडेला फेकलं जातं, म्हणून तो पट्टा उमटतो. इंजिनाकडची बाजू कोरडी आणि क्लचकडची बाजू ओली असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट सील. फ्लायव्हील दोन्हीकडून कोरडं, पण हाउसिंगच्या एकाच बाजूच्या भिंतीवर वरून खाली सरळ ओघळ असेल तर ऑइल बाहेरून आत आलंय. तुमचा संशय हाच आहे.

कॅमेरा घातला तरी ठरत नसेल तर प्रकाशात चमकणारा रंग. ४-५ लिटर ऑइलला साधारण ३० मिली, बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर ते. अर्धा-एक तास चालवून अंधारात अतिनील टॉर्चने बघायचं, गळतीची वाट पिवळट-हिरवी चमकते.

लोखंडी_नांगर
हवेच्या दाबाची चाचणीही होते. इंजिन बंद, ब्रीदर आणि झाकण बंद करायचं, काडीच्या नळीतून रेग्युलेटर लावून हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचा फेस. बुडबुडे जिथे, गळती तिथे.

क्रँकवेब
त्यात आकडा लिहायलाच हवा, नाहीतर कोणीतरी कॉम्प्रेसर थेट लावेल. २ ते ३ पीएसआयच्या वर जायचं नाही. त्याच्या वर चांगली सीलंही जागेवरून सरकतात आणि नसलेली गळती तयार होते. रेग्युलेटर आणि कमी दाबाचा गेज नसेल तर ही चाचणी सोडून द्या.

बारा_तेरा
तिफण, आता टॅपेट कव्हर. सगळ्यात सोपं काम आणि सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं. ओल दिसली की लोक पाना घेऊन बोल्ट आवळतात. कव्हर पत्र्याचं असेल तर बोल्टच्या भोकाशी पत्रा खाली दबतो, दोन बोल्टांच्या मधली कड उचलली जाते आणि गळती वाढते. मग अजून आवळतात, आणि कॉर्कचं पॅकिंग चिरडून बाहेर येतं.

कव्हर काढा आणि सपाट काचेवर उलटं ठेवा. कडेखालून फीलर गेज फिरवा. बोल्टच्या भोकाशी दबलेलं असेल तर आतून लाकडी ठोकळा लावून छोट्या हातोडीने हळूहळू सपाट करा. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर वाकलेलं असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिशपेपर पसरून आठच्या आकड्यासारखं घासा, मग पूर्ण धुवा.

जुनं पॅकिंग हेडवरून प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीने खरवडा. त्याआधी टॅपेटच्या बाजूची भोकं स्वच्छ फडक्याने झाका, तुकडे आत गेले तर चेंबरमधल्या जाळीत अडकतात. ग्राइंडरवर लावायच्या घासणी चकत्या इथे अजिबात नकोत. त्यांची घासणारी पूड ऑइलमध्ये मिसळते आणि बेअरिंग संपवते. दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने पुसा.

पॅकिंग रबराचं असेल तर कोरडंच बसवा. कॉर्कचं असेल तर फक्त कव्हरच्या बाजूला पातळ गोंद किंवा शेलॅक, म्हणजे ते जागचं हलत नाही. हेडची बाजू कोरडी, नाहीतर पुढच्या वेळी टॅपेटचं अंतर तपासताना फाटेल. बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन फेऱ्यांत. ६ मिमीच्या बोल्टला पत्र्याच्या कव्हरवर साधारण ५ ते ७ न्यूटन-मीटर, ओतीव कव्हरवर ८ ते १०. कव्हर वरून घुमटी नटांनी बसत असेल तर नटाखालचे रबरी वायसर बदलायला विसरू नका, गळती पुष्कळदा पॅकिंगमधून नसते, त्या वायसरमधून असते.

रानवाट
पॅकिंगला सिलिकॉन लावलं तर काय बिघडतं? सगळे लावतात.

बारा_तेरा
रबराच्या पॅकिंगवर सिलिकॉन लावलं की ते घसरतं आणि आवळताना बाहेर सरकतं. दुसरं म्हणजे, जितकं बाहेर फुगून दिसतं तितकंच आतही गेलेलं असतं. ते तुटून चेंबरमध्ये पडतं, पंपाच्या जाळीला चिकटतं आणि ऑइलचा दाब पडतो. सिलिकॉनची जागा ठरलेली आहे: जिथे तीन भाग एकत्र येतात असे कोपरे, म्हणजे चेंबर, ब्लॉक आणि टायमिंग कव्हर यांचा सांधा, तसाच मागे सील हाउसिंगचा. तिथे ३ मिमीचा ठिपका पुरे. जिथे कंपनीने पॅकिंगच दिलेलं नाही तिथे ३ मिमीची अखंड रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. लावल्यावर १० मिनिटांच्या आत भाग बसवायचा, साय धरल्यावर बसवला तर चिकटत नाही. ऑइल भरायला आणि इंजिन चालवायला २४ तास थांबायचं.

पाभर
प्रेशर स्विचबद्दल. ती थोडीशी ओल सोडून देऊ नका, हा दाबाखालचा भाग आहे. स्विचभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा आणि इंजिन चालवा. कागद आट्यांपाशी भिजला तर आटे पक्के करायचे. वर, प्लास्टिक आणि धातूच्या जोडापाशी किंवा तारेच्या टोकाशी भिजला तर स्विचच आतून फुटलाय, बदलायचा.

या स्विचचे आटे बहुतेक निमुळते असतात, आटेच सील करतात. आट्यांवर द्रव सीलंट लावा, पहिले दोन आटे कोरडे सोडून. टेफ्लॉन टेप टाळा, तिचे धागे ऑइलच्या वाटेत जातात. शिवाय एका तारेचा स्विच अर्थ बॉडीतूनच घेतो, जाड टेपमुळे अर्थ तुटला तर दिवा कधीच लागणार नाही आणि दाब गेलेला कळणारही नाही. निमुळता आटा जास्त आवळला तर ब्लॉक चिरतो. हाताने बसल्यावर एक ते दीड फेरा, बास.

लोखंडी_नांगर
फिल्टर आणि ड्रेन नट पटकन उरकतो.

फिल्टर: जुन्याची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर चालू करताच ऑइलचा फवारा. नव्या रिंगेला ऑइल लावा, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. पाना लावायचा तो फक्त काढताना.

ड्रेन नट: तांब्याचा वायसर वापराने कडक होतो. नवा नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून थंड करा, पाण्यात बुडवला काय किंवा हवेत ठेवला काय, तांबं मऊच होतं. मग काजळी पुसून बसवा. अ‍ॅल्युमिनियमचा वायसर मात्र नवाच. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले असतील तर टेप गुंडाळून भागवू नका, आट्यांची स्प्रिंग बसवून घ्या.

शेतयंत्र
पुढच्या क्रँक सीलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुलीच्या मागे ओल, पट्ट्यावर ऑइल, आणि रेडिएटरच्या आतल्या बाजूला किंवा पुढच्या अ‍ॅक्सलवर बारीक शिंतोडे, ही लक्षणं. पट्टा ऑइलने भिजला की घसरतो आणि इंजिन तापतं, तेव्हा हे टाळू नये.

पुली काढा, हब बोटाने तपासा. सीलची कड वर्षानुवर्षं एकाच जागी घासून लोखंडात खाच पाडते. नख अडकलं की नुसतं नवं सील टिकणार नाही. उपाय दोन. सील घरात दीड-दोन मिमी मागे किंवा पुढे बसवायचं म्हणजे कड कोऱ्या जागेवर फिरते, मात्र मागे ऑइलचं भोक झाकत नाही ना ते बघायचं. नाहीतर हबवर पातळ स्टीलची दुरुस्ती स्लीव्ह ठोकायची. तिची भिंत साधारण ०.२८ मिमी असते, त्यामुळे सील मूळ मापाचंच लागतं.

सीलवरचा आकडा शाफ्ट, बाहेरचा व्यास, जाडी या क्रमाने मिमीमध्ये असतो. साहित्यही बघा: साधं नायट्राइल रबर सुमारे १०० अंशांपर्यंत टिकतं, व्हायटॉन सुमारे २०० पर्यंत. क्रँकच्या सीलला व्हायटॉन मिळत असेल तर तेच घ्या. स्प्रिंग दिसते ती बाजू नेहमी ऑइलकडे. कडेवर बाण असेल तर तो क्रँकच्या फिरण्याच्या दिशेने. रबरी कडेला ऑइल लावून बसवा. टेफ्लॉनची रुंद, स्प्रिंग नसलेली कड असेल तर कोरडं बसवायचं, तिथे ऑइल लावलं तर ती बसत नाही.

टायमिंग कव्हर काढलं असेल तर बोल्ट सैल ठेवून कव्हर लावा, हब सीलमध्ये सरकवा म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येतं, आणि मगच आवळा. हे चुकलं की नवं सील पहिल्याच दिवशी एका बाजूने गळतं.

रानवाट
आणि ज्यांचं खरंच मागचं मेन सील गेलंय त्यांनी?

क्रँकवेब
मग ट्रॅक्टर मधून वेगळा करण्याशिवाय इलाज नाही, आणि तो करताना माणूस दबू शकतो. म्हणून आधी सुरक्षेचं. पक्की, सपाट फरशी. बॅटरी काढलेली. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डोलतो, म्हणून अ‍ॅक्सल आणि त्याच्या सपोर्टच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका. नाहीतर वेगळं झाल्याबरोबर इंजिन कुशीवर पडतं. मागची चाकं अडवा, गिअरबॉक्सखाली घोडी, इंजिनाखाली चाकांचा जॅक. फक्त जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही.

फ्लायव्हील काढल्यावर सील उपसण्याआधी पुन्हा बघा. कॅमशाफ्टच्या मागचा गोल प्लग आणि ऑइलच्या वाटांचे प्लग तिथेच असतात. काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं आरपार क्रँककेसमध्ये जातात, तिथे बोल्टच्या आट्यांना सीलंट लागतो. सील बदलून प्लग तसाच सोडला तर सगळं काम दुसऱ्यांदा.

मग क्रँकचं खेळणं मोजा. डायल गेज लावून पुढे-मागे बहुतेक छोट्या इंजिनांत ०.१ ते ०.४ मिमीच्या दरम्यान असतं, पुस्तकातली मर्यादा बघा. क्रँक वर-खाली हाताला जाणवेल इतका हलत असेल तर मेन बेअरिंग झिजलंय आणि नवं सील थोड्याच दिवसांत जाणार. आधी बेअरिंग.

अखंड सील घरात सरळ बसलं पाहिजे. जुनं सील उलटं धरून किंवा त्याच व्यासाच्या नळीने सगळीकडून सारखं ठोका. जुन्या इंजिनांत दोन अर्ध्या तुकड्यांच्या घरात दोरीचं पॅकिंग असतं. ते गोल दांड्याने मध्यापासून दाबत बसवतात. काहींत टोकं घराच्या कडेबाहेर ०.२५ ते ०.५ मिमी ठेवायची असतात म्हणजे दोन्ही अर्धे आवळल्यावर टोकं एकमेकांवर दाबली जातात. सपाट कापून टाकली तर तिथूनच ठिबकतं. दोरीला ग्राफाइट ग्रीस लावा, कोरडी दोरी सुरुवातीलाच जळते.

उघडलंच आहे तर गिअरबॉक्सचं इनपुट सील आणि क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग त्याच वेळी बदला. ऑइल प्यायलेली क्लच प्लेट धुऊन वापरू नका, गरम झाली की आत मुरलेलं ऑइल परत बाहेर येतं.

जोडताना पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) किंवा गिअर घालून शाफ्ट हलकेच फिरवा, दाते आपोआप आत जातात. दोन्ही तोंडं हाताच्या जोरावर पूर्ण टेकली पाहिजेत. फट राहिली म्हणून बोल्टने ओढून घेतली तर क्लचचा हब फुटतो.

शेतयंत्र
चेंबरबद्दल एक इशारा. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये ओतीव चेंबर हाच सांगाड्याचा भाग असतो, पुढचा अ‍ॅक्सल त्याच्या आधाराने लटकतो. ते पत्र्याच्या चेंबरसारखं खालून सोडवायला जाऊ नका, पुढचा भाग आधी टेकवावा लागतो.

नवांकुर
गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये टाकलं, किंवा घट्ट २०डब्ल्यू-५० भरलं तर?

पाभर
औषध रबर फुगवतं. कडक झालेल्या सीलची ठिबक काही काळ कमी होऊ शकते. खाच पडलेला शाफ्ट, वाकलेलं कव्हर, तुंबलेला ब्रीदर, यातलं काहीच ते दुरुस्त करत नाही, आणि चांगली सीलं मात्र जास्त मऊ पडू शकतात. घट्ट ऑइल थंडीत टॅपेटपर्यंत उशिरा पोचतं, फिल्टरवर दाब वाढतो. पुस्तकात तापमानानुसार जो ग्रेड दिलाय त्यातच राहा.

नवांकुर
सायलेन्सरच्या जोडातून काळं चिकट येतं, तेही गळतीच का?

गोटीपाना
बहुतेक वेळा नाही. इंजिन तासन्‌तास आयडलवर किंवा अगदी हलक्या कामावर चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि ऑइल सायलेन्सरमधून ओघळतं. पूर्ण भाराचं काम अर्धा-एक तास द्या, बरंचसं जळून जातं. भार देऊनही थांबत नसेल आणि निळा धूर असेल तर रिंगा, व्हॉल्व्हचे गाइड आणि त्यांची सीलं बघायची. टर्बो असेल तर त्याचं सील आणि परतीची नळी.

तिफण
स्टार्टर काढून कॅमेरा घातला. फ्लायव्हील दोन्ही बाजूंनी कोरडं, डाव्या भिंतीवर सरळ ओघळ. ब्रीदरची जाळी धुतली, नळी नवी. टॅपेट कव्हर दोन भोकांशी दबलेलं होतं, सपाट केलं, कॉर्कचं नवं पॅकिंग ६ न्यूटन-मीटरवर. स्विच प्लास्टिकच्या जोडापाशी गळत होता, बदलला. यू नळीत आता आयडलवर २ सेंटिमीटर. ४ तास भारावर चालवलं: पहिल्या तासात भोकातून दोन-तीन थेंब, नंतर काही नाही. ट्रॅक्टर वेगळा करायची गरज उरलेली दिसत नाही. पॅकिंग पुन्हा आवळायचं का?

बारा_तेरा
ते पहिले दोन-तीन थेंब आतल्या भिंतीवर साचलेलं जुनं ऑइल. कॉर्क गरम-थंड होऊन थोडं बसतं, म्हणून २० तासांनी पूर्ण थंड इंजिनावर एकदा टॉर्क पान्याने त्याच ६ वर तपासा. पाना न फिरता टिक झाला तर सोडून द्या, त्याच्या वर जाऊ नका.

गोटीपाना
आणि हाउसिंगच्या तळाच्या भोकात सैल लटकणारी कॉटर पिन असते ती काढली असेल तर परत घाला. धक्क्यांनी ती हलत राहते आणि भोक चिखलाने बुजत नाही. भोक बुजलं की पुढची गळती आतच साचते आणि कळते ती थेट क्लच घसरल्यावर.